आवाज उतरवणारी पेटी

लिफ्ट बंद होती म्हणून आमची गाठ पडली. चालू असती, तर तो सरळ पाचव्या मजल्यावर गेला असता, आपला अ‍ॅम्प विकून रिकाम्या हातांनी खाली उतरला असता, आणि मी चौथ्या मजल्यावरच्या माझ्या दुरुस्तीच्या खोलीत सुखाने जगत राहिले असते. आपलं काय हुकलं, याचा पत्ताही न लागता.

पण लिफ्ट बंद होती. एका हातात जेवणाचा डबा, काखेत मीटर, अशी मी जिना चढत होते. तिसरा मजला ओलांडला आणि वळणावर थबकले. एक माणूस वाट अडवून बसला होता — गिटारच्या भल्यामोठ्या अ‍ॅम्पवर. बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, केस कपाळाला चिकटलेले.

"जरा वाट देता?" मी म्हटलं.

"द्यायची फार इच्छा आहे," तो म्हणाला, "पण पाय ऐकत नाहीयेत. तुम्हाला उडी मारता येते का?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात माझी नजर अ‍ॅम्पच्या मागच्या जाळीकडे गेली. आत छोट्या दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह दिसत होते, ओळीने उभे.

"व्हॉल्व्हचा आहे?"

"हो."

"आणि त्याच्यावर बसलात? उठा आधी!"

तो असा ताडकन उठला, की मला हसूच फुटलं. मग तोही हसला, जरा ओशाळून. मी खाली बसून मागची पाटी वाचली. पन्नास वॅट, आठ ओहम. धूळ नाही, गंज नाही, कोपऱ्यांवरचं कातडी वेष्टणसुद्धा तेलपाणी केल्यासारखं. जीव लावून सांभाळलेली वस्तू लगेच कळते.

"कुठे निघालाय हा?"

"पाचव्या मजल्यावर. दातांच्या डॉक्टरांनी विकत घेतलाय. म्हणजे… घेतायत."

"विकताय कशाला?"

त्याने एक उसासा सोडला. "घरात चालत नाही हो. म्हणजे चालतो — फारच चालतो! हळू लावला की नुसता कण्हतो. आणि याचा खरा आवाज काढायचा, तर खिडक्यांची तावदानं थरथरतात. माझी वहिनी घरून काम करते. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. कपाटात बसून."

"कपाटात?"

"कपड्यांच्या मधे आवाज घुमत नाही म्हणे. गेल्या आठवड्यात तिच्या पुस्तकातली नायिका शेवटचा श्वास घेत होती, आणि नेमकी मी तार ओढली. वहिनी कपाटातून बाहेर आली, हातात हँगर…"

"मारलं?"

"तसं झालं असतं तर बरं. ती पाणी प्यायली आणि ते पान पहिल्यापासून वाचायला परत आत गेली. म्हणून तर विकतोय." त्याने अ‍ॅम्पच्या माथ्यावर हलकेच हात ठेवला. "खरं सांगू? दमलो नव्हतो मी. निरोप घेत बसलो होतो."

मी आपली यंत्रं दुरुस्त करणारी बाई. भावनेचा मामला आला की मला फक्त तांत्रिकच सुचतं.

"अटेन्युएटर लावा," मी म्हटलं.

"काय लावू?"

"एक पेटी असते. अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मधे बसते. अ‍ॅम्प आपला गळा मोकळा करून गातो, पेटी त्यातली जास्तीची ताकद गिळते आणि स्पीकरला थोडीशीच देते. आवाज तोच, पण हळू."

"अगदी तोच?"

"जवळजवळ तोच. निवडता आली पाहिजे."

"ती कोणाला येते?"

इथे मी चार शब्द नम्रपणे बोलायला हवे होते. "मला," मी म्हटलं.

वरच्या कठड्यावरून एक डोकं डोकावलं. मास्क हनुवटीवर. "अहो, येताय ना? पेशंटचं तोंड उघडं ठेवून आलोय मी!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वर पाहिलं. आणि कोणी विचारलेलं नसताना, दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूबद्दल मी बोलून गेले — "डॉक्टर, पंधरा दिवस थांबा!"

"पंधरा?" डॉक्टर कुरकुरले. "बरं. पण पंधरा म्हणजे पंधराच हं." आणि डोकं नाहीसं झालं.

"घ्या!" तो म्हणाला. "माझं गिऱ्हाईक घालवलंत. आता जबाबदारी तुमची."

"धरा त्या बाजूने," मी म्हटलं. "एकच मजला आहे."

अ‍ॅम्प दोघांनी उचलून माझ्या खोलीत आणला. दारात बाबा उभे होते. ही दुरुस्तीची खोली त्यांचीच, आता नावाला माझी. रोज सकाळी ते पेपर वाचायला म्हणून येतात आणि माझं काम वाचून जातात.

तीन दिवसांत मी ओळखीच्या दुकानांतून तीन पेट्या मागवून घेतल्या. चौथ्या दिवशी तो आला, गिटार घेऊन. येताना दारावर टकटक करण्याऐवजी त्याने विचारलं, "मिस्तरीणबाई आहेत का?" आणि तेच नाव पडलं माझं.

पहिली पेटी मी त्याच्यासमोर बाजूला सारली.

"ही का नको? दिसायला सगळ्यात छान आहे."

"तीसच वॅट पेलते. तुमचा पन्नासचा. लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक चहाच्या पातेल्यात होत नाही."

मग मी स्पीकरला मीटर लावलं. काटा साडेसहावर थांबला. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण एवढाच दिसतो, म्हणजे पाटी खरं बोलत होती. उरलेल्या दोन्ही पेट्या आठ ओहमच्याच. एकीत नुसते रोधक, ताकद अडवणारे. दुसरी जरा शहाणी, आत तारेची वेटोळी असलेली. खरा स्पीकर जसा अ‍ॅम्पला उलट उत्तर देतो, तशी ती देते.

"कोणती कुठली ते सांगणार नाही," मी म्हटलं. "डोळे मिटा आणि वाजवा. कानाने निवडा."

त्याने डोळे मिटले. बोटं तारांवरून सरकली आणि अ‍ॅम्प गाऊ लागला — मनापासून, भरल्या गळ्याने, पण शेजारच्या टेबलावर कोणी गप्पा माराव्यात एवढ्याच आवाजात. व्हॉल्व्हचा केशरी उजेड त्याच्या मनगटावर पडला होता. मी पेटी बदलली. पुन्हा बदलली.

"पहिलीत आवाज आहे, पण गोधडी पांघरलेला," तो म्हणाला. "दुसरीत… दुसरीत तार बोटाशी बोलते."

"मग दुसरी?"

"पुन्हा एकदा ऐकूया का?"

पुन्हा एकदा झालं. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी पेपरमागून बाबांचा आवाज आला, "त्याला मघाशीच कळलंय गं. उगाच डोळे मिटून बसलाय."

त्याने डोळे उघडले. कानांच्या पाळ्या लाल.

मी घाईघाईने पेटीवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. "ही गरम होणार. वर काही ठेवायचं नाही, वहिनींची पुस्तकं तर मुळीच नाही. आणि अ‍ॅम्प पूर्ण जोरात चालणार म्हणजे व्हॉल्व्ह लवकर झिजणार. अधूनमधून दाखवायला आणावा लागेल."

"किती वेळा?"

"वर्षातून एकदा."

"दर आठवड्याला आणला तर चालेल?"

मी पेटी आणखी लांब धरून पुढची ओळ वाचायला लागले. तो बघत होता — माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे. "ती पेटी तुम्ही इतकी लांब का धरलीय?"

"कुठे लांब?"

"तान्ह्या बाळाने ओलं केल्यावर धरतात तशी. तुम्हाला चष्मा लागलाय, मिस्तरीणबाई."

"मला? अजून तिशी आली नाही माझी!"

"नंबर वय विचारून येत नाही. मी चष्म्याच्या काचा घासतो, आठ वर्षं झाली. माणूस पुस्तक कसं धरतो, सुईत दोरा कसा ओवतो, यावरून सांगतो."

"मग माझा नंबर सांगा."

"इथून नाही सांगता येणार," तो म्हणाला. "जवळ यावं लागेल."

बाबांनी पेपरचं पान उलटलं. जरा जास्तच आवाज करून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या दुकानात गेले. फक्त नंबर काढायला, असं मी बाबांना सांगितलं, आणि बाबा "मी कुठे काय म्हटलं?" असं म्हणाले. दुकान अरुंद आणि लांब होतं. भिंतभर काचांचे छोटे छोटे खण आणि मागे काच घासायचं चाक. त्याने माझ्या नाकावर एक जड लोखंडी फ्रेम बसवली आणि तिच्यात एकेक भिंग सरकवायला लागला. तीच बोटं, तेवढीच हलकी.

"हे बरं… की हे?"

"पहिलं."

"आता?"

"सारखंच."

"नीट बघा."

"काय बघू? अक्षरं तुम्ही अडवलीत."

"अरे हो," तो म्हणाला. पण लगेच हलला नाही. तेवढ्यात भिंग जागेवर बसलं, आणि इतके दिवस मला जरा पुसट दिसणारा चेहरा एकदम स्वच्छ झाला. डाव्या भुवईत एक जुना व्रण. डोळ्यांच्या कडेला हसण्याच्या तीन बारीक रेघा. मी मोजल्या.

"दिसलं का काही?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "बरंच."

मी चष्म्याची फ्रेम निवडली. म्हणजे त्याने निवडली, मी मान डोलावली. दोन दिवसांनी तो चष्मा घेऊन आला आणि अ‍ॅम्प नि पेटी घेऊन गेला. जाताना मी त्याला सगळं समजावलं. गरम होणं, वॅट, ओहम. एकच गोष्ट राहिली. नव्या चष्म्यातून मी पेटी बघायची सोडून भलतंच बघत बसले, त्याचा हा परिणाम.

अकराव्या दिवशी, भर दुपारी, फोन आला.

"आवाज गेला," तो म्हणाला. "एकदम. आणि वास येतोय."

"बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

"केला. लगेच केला."

मी हत्यारांची पेटी उचलली आणि तशीच पळत सुटले.

दार वहिनींनी उघडलं. त्यांच्या खांद्यावर कपाटातला कुठलासा लोकरीचा धागा चिकटला होता. "ये गं, आत ये. भावजी त्याच्याजवळच बसलेत. आजारी माणसाजवळ बसावं तसे."

मी खोलीत शिरले आणि बघताक्षणी कळलं. अ‍ॅम्पपासून पेटीपर्यंत त्याने गिटारची वायर जोडली होती. तिचं वरचं रबर मऊ पडलं होतं. गिटारची आणि स्पीकरची वायर दिसायला जुळ्या बहिणी, टोकंही तीच. पण गिटारची आतून बारीक, अ‍ॅम्पची ताकद तिला सोसत नाही. तिथे स्पीकरची जाड वायर लागते. आणि मधली वायर तुटली, की व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची ताकद बाहेर जायला वाट उरत नाही. ती आतच फिरते, ट्रान्सफॉर्मर जाळते. तो जळला की अ‍ॅम्पचा आवाज म्हणजे नुसती आठवण.

हे सगळं मला माहीत होतं. त्याला सांगणं माझं काम होतं.

मी मागची जाळी उघडली. त्याने बॅटरीचा उजेड धरला, मला हवा तिथे, न सांगता. मीटरची टोकं ट्रान्सफॉर्मरला टेकवली. एक क्षण… काटा हलला आणि नेमका जिथे यायला हवा, तिथे येऊन थांबला. दुसरी बाजू तपासली. तीही ठीक.

"जिवंत आहे," मी म्हटलं आणि फरशीवरच बसले. "एक व्हॉल्व्ह गेलाय आणि एक फ्यूज. तुम्ही वेळेवर बंद केलात म्हणून वाचला."

तो हसला. मला मात्र रडू यायला लागलं.

"चूक माझी आहे. वायर द्यायला हवी होती मी. निदान सांगायला तरी हवं होतं. दहा वर्षांत कधी विसरले नाही. त्या दिवशी मी… दुसऱ्याच विचारात होते."

"कुठल्या?"

मी वर पाहिलं. तो खरंच विचारत होता.

"भावजी," दारातून वहिनी म्हणाल्या, "पोरीला आधी चहा पिऊ द्या. मग चौकशी करा."

चहा आला. मी कप हातात धरून म्हटलं, "आता डॉक्टरांना द्याल अ‍ॅम्प? चारच दिवस उरलेत. द्यायचा असेल तर मी आजच दुरुस्त करते. तुमचा विश्वास उडाला असेल, तर मला समजेल."

त्याने कप खाली ठेवला. "डॉक्टरांना मी मागच्या आठवड्यातच नाही सांगून आलो."

"काय? मग मला का नाही सांगितलंत?"

"मुदत संपली कळलं असतं, तर तुम्ही काम संपलं म्हणाला असतात." त्याच्या कानांच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. "आणि विश्वासाचं म्हणाल तर… चूक झाल्यावर जिना उतरून पळत येणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत."

त्याच संध्याकाळी मी नवा व्हॉल्व्ह बसवला, जाड वायर जोडली. वहिनी कपाटात गेल्या, दार लावून घेतलं. त्याने अ‍ॅम्पचं बटण पूर्ण फिरवलं, पेटीवरून आवाज अगदी खाली आणला आणि वाजवलं. मनसोक्त, चांगला अर्धा तास. कपाट उघडलं.

"वाजवणार होता ना?" वहिनींनी विचारलं.

"वाजवून झालं!"

"मी तर अख्खं प्रकरण वाचून काढलं!" त्या आनंदाने माझ्याकडे वळल्या. "बाई गं, कमाल केलीस. म्हणजे झालं ना तुझं काम?"

"हो, झालं," मी म्हटलं. इतकं हळू, की मलाच नीट ऐकू आलं नाही.

पुढचे नऊ दिवस अ‍ॅम्प बिघडला नाही. मी एक टेपरेकॉर्डर, दोन मिक्सर आणि एका शाळेचा भोंगा दुरुस्त केला. दारावर टकटक झाली की माझा हात आपोआप केसांकडे जायचा. एकदा तर डॉक्टरच आले, स्पीकरला मुंग्या लागल्या म्हणून. बाबांनी पेपर खाली ठेवला. "अगं, त्या चष्मेवाल्याचा अ‍ॅम्प काय म्हणतोय?"

"उत्तम चाललाय."

"हं. फार चांगलं काम केलंस. जरा वाईट करायला हवं होतंस."

दहाव्या दिवशी वहिनींचा फोन आला. त्या ज्या वाचनालयासाठी वाचतात, त्याचं स्नेहसंमेलन होतं. तिथे तो आणि त्याचे तीन मित्र वाजवणार होते. रविवारी सकाळी सभागृहात तालीम. "तिथे म्हणे ती पेटी काढून अ‍ॅम्प सगळ्या ताकदीने लावायचाय. जाणकार माणूस सोबत हवं ना? भावजींना फोन करायला वेळ नाही, म्हणून मी करतेय." मग जरा थांबून — "वेळ आहे गं त्यांना. धीर नाहीये."

मी गेले. मित्र अजून आले नव्हते. मोठं सभागृह, दोनशे रिकाम्या खुर्च्या, उंच खिडक्यांतून आलेलं ऊन. तो स्टेजवर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तालमीला कोण इस्त्री करतं?

"आलात," तो म्हणाला.

"कामाला आलेय," मी म्हटलं, आणि दोघंही उगाच वायरीकडे बघत राहिलो.

मी पेटी बाजूला काढली. स्पीकर सरळ अ‍ॅम्पला जोडला, दोनदा तपासला. व्हॉल्व्ह तापू दिले आणि मान हलवली. त्याने तार छेडली.

बाप रे! मी त्या अ‍ॅम्पचा नट न् नट ओळखत होते, पण त्याचं हे बोलणं कधी ऐकलं नव्हतं. खुर्च्या खडखडल्या. जमीन माझ्या तळव्यांना गुदगुल्या करायला लागली. मी कानांवर हात ठेवले आणि हसत सुटले. तोही हसत होता, आणि वाजवता वाजवता काहीतरी बोलला.

"काय?" मी ओरडले.

तो पुन्हा बोलला. गिटारने सगळं गिळून टाकलं.

"ऐकू नाही येत!"

तिसऱ्यांदा बोलला. ओठांवरून एवढंच कळलं, की वाक्य छोटं नाही. मी सरळ अ‍ॅम्पपाशी गेले आणि आवाज थांबवायचा खटका खाली केला.

एकदम शांत. इतकं, की खिडकीत बसलेल्या पारव्याच्या पंखांची फडफड ऐकू आली.

"आता बोला."

तो गिटारच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "आता नको."

"का?"

"फार शांत झालं."

"तीन वेळा बोललात ना? मग चौथ्यांदा काय झालं?"

"तेव्हा तुम्हाला ऐकू जात नव्हतं!" तो कळवळून म्हणाला. मग त्याने गिटार खाली ठेवली. सावकाश, भिंतीला टेकवून. रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा उभा राहिला. "मी म्हणत होतो, की… इतके दिवस मी रोज अ‍ॅम्प लावला आणि रोज वाटलं, आज तरी बिघडू दे. मुद्दाम बिघडवणार होतो, पण तुमचं काम मोडायला हात धजेना. तुम्ही मला फार आवडता. लग्न कराल का माझ्याशी?"

मला त्याला चार प्रश्न विचारायचे होते. बाबांचं काय, वहिनी काय म्हणतील, घाई तर होत नाहीये ना… यातला एकही आठवेना.

"तुम्ही-तुम्ही करणाऱ्या माणसाशी मी लग्न करणार नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. मग हळूहळू उजळला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, व्हॉल्व्ह तापावा तसा.

"तू…" तो म्हणाला.

"पुढे?"

"थांब ना. एवढ्यातच धाप लागली."

बाहेर व्हरांड्यात त्याच्या मित्रांच्या पायांचा आवाज आला; कोणीतरी ड्रम आपटला, कोणीतरी ओरडलं. दोन मिनिटांत सगळे आत येणार होते. मी त्याच्याजवळ गेले, भिंतीला टेकवलेली गिटार उचलली आणि पट्टा त्याच्या गळ्यात अडकवला. त्याची बोटं माझ्या बोटांवर आली, आणि राहिली.

"हो," मी म्हटलं. "करेन."

मग खटका वर केला, आणि स्टेजवरून उतरून पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत जाऊन बसले.

"वाजव," मी म्हटलं.